तोडलेले दोर

खारवलीच्या खाडीमुखाशी भर पाण्यात उभ्या असलेल्या शंखदुर्गावर पहाट उजळली, तेव्हा वारा पडला होता, पाणी काळवंडलं होतं आणि पलीकडच्या किनाऱ्यावर सारा कोळीवाडा आपल्या होड्या एकमेकींना दोरांनी बांधण्यात गुंतला होता. तुफानाची चाहूल लागली की होडीला होडी जखडायची, म्हणजे एकीवरचा मार सगळ्या मिळून सोसतात, ही त्यांची रीत. किल्ल्याचे हवालदार निळोजी शिर्के घाटावरचे. त्यांना ती ठाऊक नव्हती, आणि विचारावं असंही वाटलं नाही.

किल्ल्याचं दप्तर सांभाळणाऱ्या सबनीस त्रिंबकपंतांचं कोळ्यांच्या म्होरक्याशी, पदाजी नाखव्याशी, जुनं वाकडं. कोळी तांडा बांधून शत्रूच्या आरमाराला मिळणार, असं सांगून त्यांनी हवालदारांचे कान भरले. निळोजींनी शहानिशा न करता शिबंदी पाठवून दोर तोडवले आणि पदाजीला बेड्या घालून किल्ल्यावर आणवलं. दुपारपर्यंत दर्या उठेल, एवढंच तो म्हणाला. निळोजी हसले.

दर्या उठला. सुट्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या; इकडे बुरूज ढासळला आणि शिबंदीची बायकापोरं कमरेइतक्या पाण्यात सापडली. तेव्हा तुटक्या दोरांना गाठी मारून, उरलेल्या होड्या एकीमागे एक जोडत, कोळी किल्ल्याच्या आडोशाच्या दरवाजाकडे येताना दिसले.

निळोजी पदाजीपुढे उभे राहिले.

"बेडी काढा, हवालदारसाहेब," पदाजी म्हणाला. "दोर धराया दोनी हात लागतान."

"नाखवा, आम्ही तुमच्या होड्या बुडवल्या. तुमची माणसं कशासाठी येताहेत?"

"तुमची पोरांबालां शेजारचीच हायत ना?"

दोराचं टोक कमरेला बांधून पदाजी फेसाळत्या लाटांत दरवाजाशी उभा राहिला. पहिल्याच होडीत त्रिंबकपंत चढू लागले, तेव्हा निळोजींनी त्यांना मागे ओढून एका बाळंतिणीला पुढे घातलं. शेवटी ते स्वतः उतरले. आधाराला त्यांनी पदाजीचं मनगट धरलं आणि बेडीने सोललेली कातडी त्यांच्या मुठीत आली. पदाजीने हात सोडवला नाही.

त्या रात्री किल्ल्यावरची माणसं कोळ्यांच्या झोपड्यांत जेवली. निळोजींपुढे भाकरी आली ती होडी गमावलेल्या घरातून.

पुढे पंतांची सबनिशी गेली. निळोजींनी दरबारात आपला अपराध कबूल करून हवालदारी सोडली आणि ते खारवलीला परतले. किनाऱ्यावर घरटी एक माणूस नवे दोर वळायला बसला होता. निळोजी न बोलवता त्यांच्यात जाऊन बसले. पदाजीने थोडा काथ्या त्यांच्याकडे सरकवला. निळोजींनी तो घेतला, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.