तिसरा ठोका

आंबवायचा कोबी चिरायचा दिवस होता. उर्शुलाचे वडील, क्लेमेन्स, पातं बसवलेला लांब पाट मांडीवर घेऊन बसले होते आणि एकेक गड्डा पात्यावरून सरसर ओढत होते. चिरलेला कोबी उर्शुला लाकडी पिंपात दाबायची, वरून मीठ आणि गाजराचा कीस टाकायची. दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती याच कामासाठी क्राकू शहरातून डोंगरात यायची.

"मीठ टाकतेस की तीर्थ शिंपडतेस? मूठ उघड जरा."

"मागच्या वर्षी तुम्हीच खारट म्हणालात."

"मागच्या वर्षी मी तरुण होतो."

ती हसली. बाबांनी पाट बाजूला ठेवला आणि ओले हात मांड्यांवर पुसले.

"उर्शुला, तुझी आई गेली तेव्हा मी तिकडे..."

"गाजरं संपली," ती म्हणाली आणि तळघरात उतरली.

ती वर आली तेव्हा बाबा पुन्हा कोबी चिरत होते. पिंप भरल्यावर त्यांनी नदीतला गुळगुळीत दगड झाकणावर ठेवला, थोडा सरकवून नीट मध्यावर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता ते कोसळले. नोवी तार्गच्या इस्पितळात त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

"शवपेटी घरी नाही आणणार?" शेजारच्या व्हिक्तामावशीनं फोनवर विचारलं.

"चढावर बर्फ आहे, मावशी. गाडी येत नाही. इस्पितळातून थेट चर्चमध्ये नेतील."

"आणि उंबरठा?"

मावशी काय म्हणतेय ते उर्शुलाला ठाऊक होतं. या डोंगरात मेलेला माणूस घराचा निरोप घेतल्याशिवाय जात नाही. पेटी बाहेर काढताना ती उंबरठ्यावर तीनदा आपटतात, लाकडावर लाकूड वाजेल अशी. दर ठोक्याला कुणी वडीलधारा मेलेल्याच्या वतीनं म्हणतो, माझं काही चुकलं असेल तर माफ करा. घरचे म्हणतात, देव माफ करो.

आईची पेटी अशीच गेली होती. उर्शुला तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागली होती. तिच्या शेजारी बाबांनी उभं राहायची जागा मोकळी होती. बाबा शिकागोत, लोकांच्या छपरांवर गरम डांबर ओतत होते. कागदपत्रं नव्हती, एकदा निघाले असते तर परत जाता आलं नसतं, आणि इथं घराचा वरचा मजला अर्धा बांधून पडला होता. पुढं काही वर्षांनी ते आले. दारात उभे राहिले, नखांत डांबर. उर्शुला म्हणाली, "बॅग आतल्या खोलीत ठेवा." त्यावर ती पुढं कधीच काही बोलली नाही.

"जुन्या गोष्टी आहेत त्या, मावशी," ती आता म्हणाली.

अंत्यविधी नीट पार पडला. आवराआवर करायला उर्शुला घरात राहिली.

पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा ती कपाटातले सदरे घडी करत होती. ऊन अजून खिडकीत होतं. बाबांच्या खोलीच्या दाराशी ठक्क झालं. थोड्या वेळानं पुन्हा, ठक्क. तिला वाटलं, पिंपावरचा दगड घसरला. तळघरात जाऊन पाहिलं. कोबी आंबत होता, मंद बुडबुडे येत होते. दगड बाबांनी ठेवला तसाच, मध्यावर.

घर ओंडक्यांचं होतं. थंडीत ओंडके तडकतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं तेच स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आवाज घरातल्या बोळाच्या दाराशी आला. दोनदा. या खेपेला तिच्या तळव्यांना हादरा जाणवला. नंतर बराच वेळ बोळात वास रेंगाळत होता. उन्हाळ्यात रस्ता दुरुस्त करतात तेव्हाचा. बाहेर सगळीकडे बर्फ होतं.

त्याच्या पुढच्या दुपारी बाहेरच्या दाराशी. मावशी आली असेल म्हणून तिनं लगेच दार उघडलं. पायरीवरचं बर्फ कोरं होतं.

मावशी खरोखर आली ती उर्शुलाच्या निघायच्या दिवशी. हातात बार्लीच्या सुपाचं भांडं होतं.

"खाऊन जा. शहरात काय पुस्तकंच चावता का? गालफडं बघ कशी बसलीत." मग तिची नजर खाली गेली. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि तिनं उंबरठ्यावरून बोट फिरवलं. जुन्या लाकडात दोन ताज्या खाचा होत्या.

"किती दिवस वाजतंय?"

उर्शुलानं सुपाचं भांडं नेऊन चुलीवर ठेवलं.

"उर्शा, मी विचारतेय."

"अंत्यविधीपासून. कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं. आत यायला."

"आत यायला?" मावशीनं खाचांवर बोट ठेवलं. "या आतल्या बाजूला आहेत, पोरी."

चुलीवर सूप उकळायला लागलं होतं. दोघींपैकी कुणीच तिकडे गेलं नाही.

"दोनच?"

"दोनच."

"मग क्लेमेन्स वाट बघतोय, कुणीतरी बोलायची." मावशीनं रुमाल डोक्याला घट्ट बांधला. एरवी तासभर बसणारी बाई आज पायरीवरूनच बोलत होती.

"तुम्ही म्हणा ना, मावशी. तुम्हाला ते सगळं येतं."

"मी कोण गं? मला त्यानं काय केलं? माझ्या कोंबड्यांना शिव्या दिल्या, त्या केव्हाच माफ केल्या." ती हसली नाही. "तू आता कुलूप लावून क्राकूला जाशील. मग तो आतच."

ती गेली. उर्शुलानं चूल विझवली, खिडक्या लावल्या, कोट चढवला. बॅग बाहेर पायरीवर ठेवली. किल्ली हातात घेऊन ती उंबरठ्यावर उभी राहिली आणि दार ओढायला वळली.

बोळात फळी करकरली.

मग तिच्या अलीकडची. मग तिच्याही अलीकडची. एका माणसाचं वजन नव्हतं ते. जड काहीतरी उचलून चार-सहा जण बेतानं पाय टाकत यावेत तसं. डांबराचा वास इतका दाट झाला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बोळ रिकामा होता.

ठक्क.

"देव माफ करो," ती पुटपुटली.

ठक्क.

"देव माफ करो."

तिसरा ठोका आला नाही.

लाकूड ताणाखाली कण्हत होतं. कुणीतरी जड धापा टाकत होतं, एकाहून जास्त जण, अगदी जवळ. त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. ते धरून उभे होते.

वाटेत ती उभी होती.

उर्शुला बाजूला झाली. पाठ चौकटीला लावली. अरुंद दारातून कुणी खांदा आक्रसून जावं तशी तिच्या कोटाची बाही हळूच दबली, सपाट झाली, आणि दबलेलीच राहिली.

ती काही बोलेपर्यंत कुणी हलणार नव्हतं.

"देवाचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी रागावले होते. आईच्या वेळी तुम्ही नव्हता, म्हणून. पण तो राग केव्हाच गेला, बाबा. मी माफ केलं."

बाही तशीच दबलेली होती.

"आणि तुम्ही आलात ना, बॅग घेऊन, इथंच उभे राहिलात... तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. फार. मी बोलले नाही."

उंबरठ्यावर ठक्क झालं आणि तिच्या कोटाची बाही मोकळी झाली.