दिवे मालवणारे पंप

आजोबांबरोबर प्रयोगशाळेत जाण्यात जुईलीचा फायदा असा: रविवारची साफसफाई चुकणार, खाडीवरून जाणाऱ्या उडत्या होडीत खिडकीची जागा मिळणार, वर वाटेत आइस्क्रीम. तोटा काहीच दिसत नव्हता.

आजोबा, म्हणजे डॉ. दामोदर म्हात्रे, पेशींचे अभ्यासक. त्यांच्याच मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ नुकतीच काढली होती. गाठीतल्या पेशी एका ताटलीत, शेजारच्या निरोगी पेशी दुसरीत. अशा दोन जोड्या. आजोबांना पुढे कोणतं औषध द्यायचं, ते या ताटल्यांवरून ठरणार होतं.

जुईलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिची बडबड थांबली. घरात असं कधी घडलं नव्हतं.

निरोगी पेशींच्या काळोखात एक हिरवा ठिपका उजळला. उजेड शेजारच्या पेशीकडे सरकला, तिच्याकडून पुढे, आणि विझला.

"काजवे!"

"कॅल्शियम. ते वाढलं की चमकेल असा रंग टाकलाय."

"हाडांतलं कॅल्शियम?"

"तेच. बाहेर जितकं, त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकंच पेशी आत ठेवते. एवढी शांतता, की चिमूटभर आत आलं तरी हाक ऐकू येते: वाढ, थांब, मर."

गाठीच्या पेशी मात्र मिणमिणत होत्या, विझतच नव्हत्या.

"इथे दिवे कोणी मालवत नाही का?"

"पेशीला कॅल्शियम आत घेणारी दारं असतात आणि उपसणारे पंप. दोन्ही बनवायची कृती जनुकांत (पेशीच्या पोथीतल्या पानांत) असते."

"मग पानं फाटली?"

"दुसरी काही फाटलीत. ही शाबूत आहेत, पण दारांचं पान सारखं वाचलं जातंय, पंपांचं क्वचित. याला म्हणतात जनुक-अभिव्यक्ती (कोणतं पान किती वाचलं जातं ते)."

जुईली खाडीकाठच्या खारेपाटातली. भरतीला उघाडी (बांधातली झडप) बंद केली नाही, तर खारं पाणी भातात शिरतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"मग दारं बंद करा ना! सगळी!"

तसं औषध होतंच. आणि आजोबाही खारेपाटातलेच, त्यामुळे नातीची अक्कल त्यांना लगेच पटली. पहिल्या जोडीत थेंब पडले. गाठीच्या पेशी मंदावल्या. जुईली नाचली.

मग तिने निरोगी ताटली पाहिली. काळोख. एकही काजवा नाही.

"आजोबा, या झोपल्या?"

"बहिऱ्या झाल्या." आजोबा खुर्चीत टेकले. "बांधाला पाणी अडवायचं असतं, जुई. पेशीला हाक ऐकायची असते. हे औषध माझ्या पोटात गेलं असतं तर..."

दुसऱ्या जोडीत त्यांनी पंपांचं पान वाचायला लावणारं औषध टाकलं. वाचायचं, मग पंप घडवायचे. पेशींना वेळ हवा होता.

पुढच्या रविवारी ताटल्या बघायच्या घाईत जुईलीने आइस्क्रीमला नकार दिला. दुसऱ्या जोडीतले निरोगी काजवे चमकत होते. गाठीच्या ताटलीत, एका कोपऱ्यात, एक पेशी उजळली. आणि विझली. पंप चालू झाले होते.

"पोटातही होईल असं?"

"ते बघायचंय. पण औषध ठरलं."

जुईलीला होडीची सफर मिळाली, आजोबांना औषधाची दिशा. किंमत मोजली ती पहिल्या जोडीतल्या निरोगी पेशींनी. त्या आजोबांच्याच होत्या. पण आजोबांनी ते जुईलीला कधी बोलून दाखवलं नाही.