हवेच्या नळीतलं भोक

शर्यत राजेश्रीनं जिंकली आणि तासाभरात तिच्यावर दोन वर्षांच्या बंदीची तयारी सुरू झाली.

पूर्णेजवळच्या माळावर सहा तासांची शर्यत. गाड्या संघांनी स्वतः बांधलेल्या. इंजिनाचा एक नियम कडक होता: आत जाणारी सगळी हवा ठरलेल्या अरुंद तोंडातूनच गेली पाहिजे. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. ते तोंड तळहातानं दाबलं की इंजिन बंद पडायलाच हवं. तपासणीत राजेश्रीचं पडलं नाही. तोंडामागच्या नळीला भोक सापडलं.

राजेश्रीच्या बोलावण्यावरून परभणीहून खासगी तपासनीस धम्मशीला आली. सोबत तिचा जुना साथीदार बुद्धभूषण. शर्यतीचे तांत्रिक परीक्षक नागनाथ यांनी शेडचं कुलूप काढलं.

"शर्यत संपली की गाडी इथं. किल्ली फक्त माझ्याकडं," ते म्हणाले.

उघड्या इंजिनावर पिवळा भंडारा पसरला होता. भोकाभोवतीची जागा तेवढी पुसलेली.

"भंडारा कुणी उधळला?" धम्मशीलानं विचारलं.

"आमच्या आबानं," राजेश्री म्हणाली. "मेंढरं सोडून आलता. गाडी थांबली की उधळलाच. मी इंजिन बंद बी केलं नव्हतं."

दुसऱ्या आलेल्या संघाचा मालक बन्सीधर हसला. "मेंढरंवाल्यांना लय घाई."

"तुम्ही भोक बघितलं होतं?" धम्मशीलानं त्याला विचारलं.

"मी नुसती तक्रार दिली."

"मी बघितलं," नागनाथ म्हणाले. "दुपारी पेट्रोल भरताना. तपासणी शेवटी असते म्हणून गप्प बसलो."

बुद्धभूषण कुजबुजला, "ताई, ड्रिल हिच्याच मेकॅनिकच्या, नागेशच्या पेटीत हाय. त्यानंच सकाळी पाडलं असंल."

धम्मशीलानं नळी सोडवून आत रुमाल फिरवला. रुमालावर ना धूळ, ना पिवळा कण.

"चालू इंजिन त्या भोकातून हवा ओढतं," ती म्हणाली. "भोक दुपारी असतं तर माळाची धूळ आत गेली असती, आणि शेवटी भंडाराही. नळी स्वच्छ आहे. म्हणजे भोक शर्यत संपून इंजिन बंद झाल्यावर, तपासणीच्या आधी पडलं. पाडणाऱ्यानं आधी भंडारा पुसला. तेव्हा गाडी कुलपात होती. नागेश बाहेर, बन्सीधर बाहेर. किल्ली एकाची. आणि नसलेलं भोक दुपारी बघणाराही तोच."

नागनाथांनी खाली बघितलं. "बन्सीधर साडू हाय माझा. परीक्षक असून साडूच्या कामी येत न्हाई, असं सासरवाडीत रोज ऐकून घ्यावं लागतं, बाई."

"मी कुठं सांगितलं भोक पाड म्हणून?" बन्सीधर ओरडला.

"भोक पाडायची नळी तुमीच दाखवली की!" नागनाथ म्हणाले.

आयोजक परमेश्वरराव घाईनं मध्ये पडले. "निकाल कायम. तांत्रिक चूक झाली, असं जाहीर करू. उगं बोभाटा नको."

"माझी चोरी माईकवरून सांगितली तवा बोभाटा न्हवता?" राजेश्री म्हणाली. तिनं शेडच्या दाराशी ठेवलेल्या टेबलावरचा माईक उचलून नागनाथांच्या हातात दिला.

"बोला. लोक अजून गेले न्हाईत."