ओठ हलतात तिथे

गुड फ्रायडेच्या दुपारी दातिवऱ्याच्या लहानशा प्रार्थनाघरात येशूवरचा सिनेमा लावायची रीत आहे. खिडक्यांना ताडपत्री, भिंतीवर चादर, आणि बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. सिनेमा परदेशी. पण त्यातला येशू बोलतो गावच्या बोलीत, आणि आवाज दिनानाथ मास्तरांचा. मास्तर हिंदू, नारळाच्या वाडीवाले. आवाज खणखणीत म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांना गळ घातली होती. यंदा त्यांचं तेरावं होऊन महिना लोटला होता. त्यांची मुलगी चारुता बोईसरहून आली होती, ती फक्त तो आवाज ऐकायला.

मास्तरांनी एक अट घातली होती. शुभवर्तमानात नाही ते बोलणार नाही. सिनेमावाल्यांनी येशूच्या तोंडी तीन ठिकाणी पदरची वाक्यं घातली होती. तिथे मास्तर गप्प राहिले. पडद्यावर ओठ हलत, आवाज नसे.

"बाबा, नेमकं तिथेच लोक रडले असते," चारुता तेव्हा म्हणाली होती.

"पदरच्या वाक्यानं रडवायचं, तर माझ्या गळ्यातून नको. प्रत्येक शब्द ऐकणारा कोणीतरी हवा, चारू. त्याचं नाव हवं."

संहितेत प्रत्येक वाक्यापुढे, समासात, त्यांनी पेन्सिलीने ते नाव लिहिलं होतं. मत्तय. लूक. योहान. शुभवर्तमानं लिहिणारे. त्या तीन जागांपुढे मात्र फक्त 'गप्प'.

शेजारी गावातली रंभाबाई येऊन बसली. दरवर्षी रडणारी, आणि दरवर्षी पहिल्या रांगेत.

"मास्तर झोपेतच गेले म्हनं. पुन्यवान गो."

"हो. काही बोलले नाहीत."

महिनाभर चारुता सगळ्यांना हेच सांगत होती.

दरवर्षी सिनेमा दाखवणाऱ्या प्रतापने लॅपटॉप लावला. बाबांचा आवाज आला आणि चारुताने पदर घट्ट धरला. न्यायासनापुढची पहिली गप्प जागा आली. ओठ हलले. आणि श्वास ऐकू आला, छातीत घरघरणारा. स्पीकर जुना आहे, तिने स्वतःला सांगितलं.

क्रूस वाहतानाची दुसरी जागा. कोरडी जीभ टाळूवरून सुटल्याचा आवाज. हा आवाज तिला माहीत होता.

रंभाबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

बोईसरच्या इस्पितळात, बाबांच्या ऑपरेशननंतरच्या दुपारी, तिने तो आवाज ऐकला होता. थेंबभरही पाणी नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी तीनदा मागितलं. तिने तीनदा नाही म्हटलं. मग ते म्हणाले, ओठ तरी भिजव. तिने ऐकलंच नाही असं दाखवून हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. पान वाचून वर पाहिलं, तेव्हा मागणारं कोणी उरलं नव्हतं. खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. आत दुसरं कोणी नव्हतं.

पडद्यावर क्रूस उभा राहिला.

"मला तान लागलीय."

हे शुभवर्तमानात आहे. योहान. यानंतर तिसरी जागा.

ओठ हलले.

"चारू. ओठ तरी भिजव."

प्रार्थनाघरात कोणी हुंदका दिला. मग आणखी कोणी. अकरा वर्षांत सिनेमातल्या या जागी कोणी रडलं नव्हतं.

सिनेमा संपला. ताडपत्र्या निघाल्या, ऊन आत आलं. रंभाबाई डोळे पुसत उठली.

"येशूला चारू कोन गो?"

चारुता उठली. ती प्रतापकडे गेली.

"फाइल बदललीस का?"

"नाय, ताई. तीच हाय, अकरा वर्षांची." तो तिच्याकडे न बघता वायर गुंडाळत होता. "आमी पन ऐकलं."

"बाबांची संहिता कुठे आहे?"

त्याने कपाट उघडून दिलं. मास्तर गेल्यापासून उघडलं नव्हतं. कुलूप गंजलं होतं, दोनदा फिरवावं लागलं. कागदांना कसर लागली होती. ती पानं उलटत गेली. पहिली जागा, गप्प. दुसरी, गप्प.

तिसऱ्या जागेपुढचा 'गप्प' नीट एका रेघेने खोडला होता. खाली बाबांच्या तिरप्या अक्षरात होतं: चारू. ओठ तरी भिजव.

आणि समासात, जिथे ऐकणाऱ्याचं नाव लिहायचं, तिथे: चारुता.

तिने त्यावरून बोट फिरवलं. पेन्सिलीचं अक्षर, पण ओलं होतं.