नको त्यावर फुली

दुपारची जेवणं उरकली की अप्पा दोन्ही नातींना घेऊन संगणकापुढे बसत. लेक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. निघताना चपलांत पाय सरकवता सरकवता तिचं एकच पालुपद असे, "अप्पा, पोरींकडे लक्ष द्या हं." अप्पांचा उभा जन्म शाळेत पोरं सांभाळण्यात गेलेला, दोन पोरींचं त्यांना काय अवघड? थोरली ठमी खुर्चीवर, धाकटी बिट्टी शेजारच्या निळ्या स्टुलावर आणि अप्पा मागे उभे, अशी रोजची बैठक.

संगणक जुना असला तरी अप्पा त्याची राखण मनापासून करत. नवी सुधारणा आली की लगेच उतरवून घ्यायची, अनोळखी काही उघडायचं नाही आणि जाहिराती अडवणारा प्रोग्राम कायम चालू ठेवायचा. संगणक दुरुस्त करणारा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानेच बजावलं होतं, "अप्पा, जाहिरात दिसते गरीब गाईसारखी, पण तिच्या आडून व्हायरस घरात शिरतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही."

पण पोरींना चित्र काढायची एक साइट आवडली होती, आणि ती साइट अडून बसली. आधी जाहिराती दिसू द्या, मगच रंगांची पेटी उघडेल. बिट्टीने भोकाड पसरलं आणि अप्पा विरघळले. त्या एका साइटपुरती त्यांनी राखण उठवली. मात्र हाडाचा मास्तर गप्प कसा बसेल? त्यांनी त्याचाही खेळ केला. जाहिरात आली की तिच्या कोपऱ्यातली बारीकशी फुली जी आधी दाबेल, तिला शाब्बासकी.

"नको त्यावर काय?" अप्पा विचारायचे.

"फुली!" दोघी ओरडायच्या.

बुटांच्या जाहिराती आल्या, साबणाच्या आल्या. सगळ्यांवर पटापट फुल्या पडल्या. मग एकदा एक निळं स्टूल आलं. साधंच, एका पायाचा टवका उडालेलं. खाली लिहिलं होतं, 'हे हवंय का?'

"अय्या, माझं स्टूल!" बिट्टी म्हणाली.

"तुझं कशाला असेल? दुकानातलं आहे ते, बावळट," म्हणत ठमीने फुली दाबली. जाहिरात मिटली. तिच्या जागी राखाडी ओळ उमटली, 'बंद केलं. पुन्हा दिसणार नाही.'

"सरक ना गं," ठमी म्हणाली. बिट्टी कुरकुरत सरकली. दोघी एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी जागा वाटून बसल्या होत्या. रोज बसायच्या तशाच.

दुसऱ्या दिवशी केर काढताना अप्पांना खुर्चीशेजारी फरशीवर चार गोल डाग दिसले. इथे काहीतरी ठेवलेलं असायचं. काय, ते काही आठवेना. वय झालं म्हणायचं आणि केरसुणी पुढे न्यायची.

पण अप्पा शिकवायचे ते निरीक्षणच. बघायची सवय जाते कुठे? भिंतीवर एक खिळा होता आणि त्याच्याभोवती ताटलीएवढा गोल फिकट रंग. फडताळात माशांच्या खाद्याचा डबा निघाला, अर्धा संपलेला.

"आपल्याकडे मासे होते का गं कधी?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मासे? अप्पा, मला तुमचंच पथ्यपाणी उरकत नाही. मासे कुठून पाळू?"

ती हसली. अप्पाही हसले. डबा मात्र त्यांनी टाकला नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. अप्पा स्वयंपाकघरात दूध गरम करत होते. बाहेरच्या खोलीतून पोरींची खुसखुस ऐकू येत होती.

"ठमे, बघ, ही तर मीच!"

"अगं खरंच! नाकाला शाईपण लागलीय तुझ्यासारखी!"

"मी दाबणार!"

"नाही, मी! फुली!"

दोघी खिदळल्या. मग एकटी ठमीच खिदळली. मग तीही थांबली.

अप्पा दोन पेले घेऊन बाहेर आले. ठमी खुर्चीत बसून चित्र रंगवत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने आपला पेला घेतला. अप्पा दुसऱ्या पेल्याकडे बघत उभे राहिले. दूध त्यांना लहानपणापासून आवडत नसे. साय आली तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने पिऊन टाकलं.

"काय गं, मघाशी एवढं हसायला काय झालं?"

ठमीने आठवून पाहिलं. "काय माहीत. एका जाहिरातीवर फुली मारली."

त्या रात्री अप्पांना झोप लागली नाही. काहीतरी चुकलं होतं. सोडवलेल्या गणितातली एखादी पायरी कुणीतरी खोडून टाकावी, तसं. उजाडताच त्यांनी दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला.

तो दुपारी आला. त्याने सगळा संगणक तपासला. "काही सापडत नाही, अप्पा. पण ही साइट मोकळी का सोडलीत?"

"पोरगी रडत होती रे."

"मी कुठे रडले?" ठमी फणकारली.

अप्पा गोंधळले. ठमी रडणाऱ्यातली नव्हतीच. मग रडलं कोण?

"आम्ही जाहिरात आली की लगेच फुली मारून बंद करतो," ते म्हणाले.

"फुलीला तर हातच लावायचा नाही! फुलीसुद्धा त्यांचीच असते, अप्पा. तुम्हाला वाटतं नको म्हणालो, ते धरतात हो म्हणालात. बंद करायची तर अख्खी खिडकी बंद करायची. तेही जमलं नाही तर सरळ वीज तोडायची." त्याने इंटरनेटची वायर उपसून बाजूला ठेवली. "नवी डिस्क घालतो आणि सगळं कोरं करतो. गाडीत आहे, आणतो."

तो बाहेर गेला. अप्पा त्या सुट्या वायरीकडे बघत होते. एवढी वर्षं मुलांना शिकवलं, आणि घरातल्या मुलीलाच हे शिकवलं.

"अप्पा," ठमी म्हणाली, "ही बघा, माझ्यासारखी!"

वायर टेबलावर पडलेली होती. पडद्यावर जाहिरात होती.

चित्रात एक मुलगी खुर्चीच्या अर्ध्याच भागावर बसली होती. तिच्या मागे एक म्हातारा उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं.

अप्पांनी तोंड मिटलं.

चित्रातल्या म्हाताऱ्यानेही मिटलं.

खाली लिहिलं होतं, 'ही हवीय का?'

ठमीचा हात माउसवर होता. बाण फुलीकडे निघाला होता. तिला तसंच शिकवलं होतं.

अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"अहो अप्पा, दुखतंय! नको त्यावर काय? तुम्हीच तर—"

"हवी आहे!" अप्पा किंचाळले. "मला हवी आहे! मला हवी आहे ही!"

आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

पडदा काळा झाला.

दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क घातली. ती साइट कायमची बंद झाली आणि जाहिराती अडवणारा प्रोग्राम पुन्हा पहाऱ्याला बसला. त्यानंतर तसलं काही दिसलं नाही. अप्पांनी ठमीला नवा धडा दिला: कुठल्याच फुलीला बोट लावायचं नाही, मला हाक मारायची. ठमी शहाणी पोर, एकदा सांगितलं की पुरे.

लेक कामाला निघताना अजूनही म्हणते, "अप्पा, पोरीकडे लक्ष द्या हं. एकुलती एक आहे माझी."

अप्पा लक्ष देतात. रोज दुपारी तिच्या मागे उभे राहतात. दूध मात्र ते अजूनही दोन पेल्यांत ओततात आणि दुसरा स्वतः पितात. आवडत नाही तरीही.

परवा ठमी चित्र काढता काढता खुर्चीच्या कडेवरून घसरता घसरता वाचली.

"अगं, नीट सरकून बस की," अप्पा म्हणाले. "अर्धी खुर्ची रिकामी ठेवून अशी कडेला काय बसतेस?"

ठमीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"जागा कुठे आहे, अप्पा?" ती म्हणाली. "कधीची सांगतेय, सरकतच नाही."