हाताची खूण

त्या दिवशी दुपारी सिस्टर हॉस्पिटलातल्या पोटाच्या दुर्बिणीच्या खोलीकडे गेल्या त्या फक्त एका सहीसाठी. बदलीचा अर्ज होता. बावीस वर्षं त्या खोलीत काढली, आता लसीकरणाकडे जायचं आणि तान्ह्या बाळांच्या भोकाडात दिवस घालवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवरा गेला त्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत, वॉर्डातली ड्यूटी मागून घेऊन, त्या दाराकडे त्या फिरकल्याही नव्हत्या. समोरून जायची वेळ आलीच, तर मागच्या जिन्यानं जायच्या.

डॉक्टरांनी दार उघडलं, अर्ज पाहिलाही नाही. "ताई, देवासारख्या आलात! एक सिस्टर तापानं घरी, दुसरी सिरिंजवर. पेशंटचा हात धरायला कोणी नाही. फक्त हात धरा, बाकी काही नको."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण टेबलावरची बाई दिसली. पन्नाशीची, शिवणकाम करणारी. सकाळपासून दोनदा रक्ताची उलटी झालेली, ओठ कागदासारखे पांढरे. सिस्टर आत गेल्या.

आता हात धरायचं एवढं काय कौतुक, असं वाटेल. तर सांगायला हवं. दुर्बीण घालताना पेशंटच्या तोंडात प्लॅस्टिकचं कडं बसवतात, त्यातून नळी जाते. माणूस बोलणार कसा? म्हणून सिस्टरांनीच फार वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती. एकदा हात दाबला, तर ठीक आहे, चालू द्या. दोनदा दाबला, तर थांबा. आणि दोनदा दाबला की डॉक्टर खरंच थांबायचे, हू की चू न करता. भल्याभल्यांचा जीव त्या हातात असायचा.

नवऱ्यालाही त्यांनी हेच शिकवलं होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. जुन्या काविळीनं लिव्हर खिळखिळं झालेलं आणि त्यामुळे पोटातल्या नसा करंगळीएवढ्या फुगलेल्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "अन्ननळीतल्या नसा असत्या तर रबराची कडी घालून भागलं असतं. पोटातल्या नसांना ते पुरत नाही, सुईनं आत ग्लू भरावा लागतो. क्वचित त्यातला एखादा तुकडा रक्ताबरोबर फुप्फुसात जातो, आणि मग आमच्या हातात फार काही उरत नाही. पण नाही केलं, तर पुढची उलटी शेवटची ठरेल."

"ग्लू म्हणजे चपलेला लावतात तोच ना?" नवरा म्हणाला. "मग लावा की! चपलेसारखा दोन वर्षं तरी आणखी झिजेन." सिस्टर त्याच्यावर डाफरल्या आणि मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडल्या.

नातेवाइकानं आत थांबायचं नाही, असा नियम. सिस्टरांनी तो मोडला. ग्लू काही सेकंदांत घट्ट होतो. सिरिंज बदलायची, ग्लू ढकलायचा, मागून पाणी ढकलायचं, सुई काढायची, सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे खरं. "दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर माझा भरवसा नाही," त्या म्हणाल्या. आणि सिरिंजला दोन्ही हात लागतात. नवऱ्याच्या कानाशी वाकून त्या कुजबुजल्या, "दोन मिनिटं सोडते हं. लगेच धरते."

त्या दोन मिनिटांत ग्लू फुप्फुसात गेला. पाऊण तास सगळ्यांनी जिवाचं रान केलं. नाही वाचला.

चूक कोणाचीच नव्हती. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं, सगळ्यांनी सांगितलं. पण सिस्टरांना ग्लूचं काही पडलंच नव्हतं. त्यांना एकच गोष्ट खात होती. त्या दोन मिनिटांत त्यानं थांबा म्हटलं असेल का? हवेत हात चाचपला असेल का? आठ महिने हाच एक प्रश्न घेऊन त्या उठत होत्या आणि त्यालाच उशाशी घेऊन झोपत होत्या. वेड लागायचं बाकी होतं.

तर त्यांनी शिंपीणबाईचा हात धरला. सुई धरून धरून टणक झालेली बोटं. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून दिवे मालवलेले, औषधाचा तो उग्र वास, रक्त ओढणाऱ्या नळीची घुरघुर. "नाकानं श्वास घ्या... हं, अस्सं..." सिस्टर पुटपुटत होत्या. बाईनं हात दाबला. एकदाच. ठीक.

मग त्यांना ऐकू आलं. तोंडात कडं असलं की श्वासाला एक ओली शीळ असते. बाईची शीळ भराभर येत होती. पण तिच्या अध्येमध्ये आणखी एक शीळ होती. सावकाश, जड... सिस्टरांच्या पाठीमागून. पाठीमागे भिंत होती. भिंत आणि त्यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा.

मान वळवायची त्यांची छाती झाली नाही. शिंपीणबाई मात्र अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांच्या कोपराच्या मागे बघत होती, एकटक, एखाद्याचं बोलणं ऐकावं तसं.

बाईच्याही पोटातल्या नसेत ग्लू नीट बसला. रक्त थांबलं. डॉक्टर खूश झाले, अर्जावर सही करून मोकळे झाले. बाईची खाट शेजारच्या खोलीत नेली, तिथे लख्ख ऊन होतं. तासाभरानं गुंगी उतरल्यावर ती खरखरत्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, माझ्याआधी त्यांचं उरकायचं होतं ना..."

"कोणाचं?"

"तुमच्या मागं पडले होते ते. तोंडात माझ्यासारखंच कडं. पण मला कळत होतं हो ते काय म्हणतात ते..."

"काय... काय म्हणाले?"

"म्हणाले, दोनदा दाबला. पुन्हापुन्हा दाबला. तिला सांगा."

सिस्टर खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून मटकन खालीच बसल्या. आठ महिने अडकलेला हुंदका एकदम फुटला. "अहो, माझा हात नव्हता हो तिथे! सोडला होता मी... दोन्ही हात सिरिंजवर होते माझे... मला कसं कळणार होतं?" एवढ्या वयाची बाई, लहान पोरीसारखी रडत होती.

शिंपीणबाई बावरली. तिनं हात पुढे केला, सिस्टरांच्या खांद्यावर ठेवला.

"तुमच्यावर राग नव्हता त्यांचा. तो हात तुमचा नव्हता हे आता कळलंय म्हणाले, तुमचा हात ऊन असतो." मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "फक्त एवढं बघायला सांगितलंय... मग हा गार हात कोणाचा? म्हणाले, सोडतच नाही."