रत्नपालदादाचा आतला कॉम्प्युटर

वसमतच्या मोंढ्याला, म्हणजे शेतमालाच्या बाजाराला, लागून प्रज्ञेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार सातचा उन्हाळा, हळदीचा हंगाम. त्या दिवसांत तिथं माणूस शिंकला तरी पिवळा शिंकायचा, मग कॉम्प्युटरची काय कथा! अशाच एका दुपारी पद्माबाई रिक्षातून उतरल्या. तान्हं लेकरू धरावं तसा त्यांनी कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरला होता.

"जयभीम मावशी. एवढ्या उन्हाचं काहून आलात? निरोप धाडायचा की."

"उद्या रत्नपालचा जलदानविधी हाय," त्या म्हणाल्या. "ह्यात त्यानं सोताच्या आवाजात बुद्धवंदना भरून ठेवली होती. उद्याची वंदना त्याच्याच तोंडून व्हावी, बस. निघंल ना रे?"

त्यांचा मुलगा रत्नपाल नांदेड रस्त्यावरच्या अपघातात नुकताच गेला होता. दहावीत दोनदा आपटलेल्या प्रज्ञेशला सगळ्या गावानं ओवाळून टाकलं, तेव्हा याच रत्नपालदादानं त्याला हाताशी धरून हे काम शिकवलं होतं. आज घरात चूल पेटत होती ती दादामुळं. नाही म्हणायला जीभच रेटेना.

वंदना होती, पण आतल्या कॉम्प्युटरमध्ये. आवाज भरायचं दादाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसे. म्हणून त्यानं कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर थाटला होता. खराखुरा नव्हे, पडद्यावरच्या एका चौकटीत चालणारा, व्हर्च्युअल. मध्येच लाइट गेल्यानं तो आतला बिघडला होता. त्याला दुरुस्तीच्या सीडीवरून सुरू केलं, तरच वंदना हाती लागणार होती.

प्रज्ञेशनं सीडी घातली. चौकट काळीच राहिली. ड्राइव्हच्या भिंगावर हळदीचा थर होता, तो पुसला. आता बाहेरचा कॉम्प्युटर सीडी वाचू लागला, आतला ढिम्म. तेव्हा त्याला दादाचं बोलणं आठवलं, "बाहेरच्याला दिसतं ते आतल्याला दिसत न्हाई, पोरा. दाखवावं लागतं." त्यानं सेटिंगमध्ये जाऊन आतल्याला ड्राइव्ह जोडून दिला. चौकटीत ओळ उमटली: सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतंही बटण दाबा. त्यानं दाबलं. ओळ विझली, चौकट पुन्हा काळी. परत केलं, परत तेच. लोडशेडिंगची वेळ जवळ येत होती.

माउसही अडखळत होता. त्यानं तो उलटा करून खोलला आणि हळदीनं चिकटलेली गोळी काढून रुमालात पुसायला घेतली. तेवढ्यात मोंढ्यातला गलका एकाएकी थांबला. हळदीच्या वासातून दुसराच वास येऊ लागला... तारांना सोल्डरिंगचा डाग देताना राळ जळते, तसा. दुकानात कुणी डाग देत नव्हतं.

पडद्यावरचा बाण हलला.

गोळी प्रज्ञेशच्या मुठीत होती. बाण सावकाश चौकटीपाशी गेला, आत शिरला. टिक्.

"मावशी... तुमी कशाला हात लावला?"

"न्हाई बाबा. काहून?"

प्रज्ञेशच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. चौकटीत क्लिक केल्याशिवाय दाबलेलं बटण आतल्यापर्यंत पोचतच नाही; मघापासूनची सगळी बटणं बाहेरचाच कॉम्प्युटर गिळत होता. दादानं पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट! त्यानं बटण दाबलं. सीडी घरघरली आणि आतला कॉम्प्युटर जागा झाला.

वंदना सापडली. त्यानं ती बाहेर काढून लावली. दादाचा भरदार, शांत आवाज. एकेक ओळ म्हणायची आणि थांबायचं, मागून लोकांनी म्हणावी म्हणून. पद्माबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि त्या मागून म्हणू लागल्या.

इतक्यात लाइट गेली. पंखा थांबला, पडदा विझला. यूपीएस तर कधीचाच मेलेला.

आवाज थांबला नाही.

दादा ओळ म्हणत होता, आई मागून म्हणत होती. प्रज्ञेशच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. पळून जावंसं वाटत होतं आणि दादाचे पाय धरावेसे वाटत होते.

"केवढे उपकार झाले रे लेकरा," वंदना संपल्यावर पद्माबाई म्हणाल्या.

"माझे न्हाईत, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

लाइट आल्यावर त्यानं उद्यासाठी सीडी बनवली आणि बरोबर झाली का ते पाहायला हेडफोन लावला. दादाच्या ओळींमधल्या रिकाम्या जागा आता रिकाम्या नव्हत्या. तिथं पद्माबाईंचा आवाज होता, मघाचाच, मध्येच दाटून आलेला. दुकानात माइक नव्हता.

शेवटच्या ओळीआधी दादा थांबला. मग अगदी कानाशी, हळू...

"आई, तू दमलीस. ही प्रज्ञेश म्हणंल."

दादानं शेवटची ओळ म्हटली. रेकॉर्डिंग संपल्याचं पडद्यावर दिसत होतं. प्रज्ञेशनं हात जोडले आणि ती ओळ म्हटली.

हेडफोनमध्ये कुणीतरी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.